टॅब्लेट म्हातारा कधी होतो?

जानेवारी २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी आयपॅड जगासमोर आणला. फोनसारखाच लोक तोही दर दोन वर्षांनी बदलतील, असे वाटणे साहजिक होते. तसे झाले नाही. २०१३ च्या शेवटच्या तिमाहीत २ कोटी ६० लाख आयपॅड विकले गेले आणि त्यानंतर विक्री उतरणीला लागली.

अमेरिकेत फोन दोन वर्षांच्या करारावर स्वस्तात मिळे. करार संपला की लोक नवा घेत. टॅब्लेट बहुधा रोख पैसे मोजून घेतलेला. तो घरीच राही, खिशातून पडत नसे. वाचायला, सिनेमा बघायला जुनाही पुरे. नवा आला तरी जुना पोरांच्या हाती जाई.

मग तो बदलावा का लागतो? पहिल्या आयपॅडला २०१२ ची आयओएस ६ ही प्रणाली मिळालीच नाही. काच शाबूत, पडदा लख्ख, पण नवी ॲप चालेनात. बॅटरी आत चिकटवलेली, घरच्या घरी बदलणे अवघड. म्हणजे वस्तू झिजण्याआधीच तिचे आयुष्य संपते, आणि ते किती असावे हे कंपनी ठरवते.

युरोपीय संघाने जून २०२५ पासून यावर नियम लागू केले: मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे अद्ययावत प्रणाली आणि सात वर्षे सुटे भाग द्यायचे.

इस्लाम इसराफ, म्हणजे उधळपट्टी, निषिद्ध मानतो. आपण तो दोष गिऱ्हाइकाच्या माथी मारतो. इथे मात्र हिशेब बनवणाऱ्यालाही विचारायला हवा.