घरच्या चांगल्या स्पीकरवर काय ऐकायचं? ओळखीच्या गाण्यांनी स्पीकर पारखायची पद्धत

मागच्या दिवाळीत थोडे पैसे साठले होते म्हणून अठरा हजारांचा स्पीकरचा जोड घेतला आणि पुण्याहून आलापल्लीला घरी नेला. बाबांसाठी. रेडिओवर गाणी ऐकत मोठी झालेली पिढी ती; म्हटलं, आता तरी नीट ऐकू देत. बाबांनी खुर्ची ओढली, एक अभंग पूर्ण ऐकला आणि म्हणाले, "काहून रे, हे असं मडक्यात बोलल्यासारखं वाजते? याहून माझा मोबाईल बरा."

दुकानदाराला फोन केला तर उत्तर मिळालं, "खोकं उघडलं ना, आता परत घेता येत नाही." दोन दिवस डोकं फिरलं होतं. मग एकेक गोष्ट तपासत गेलो आणि कळलं की स्पीकरमध्ये काहीच खोट नाही. खोट होती त्याच्या जागेत आणि माझ्या फोनच्या सेटिंगमध्ये. आणि ती सापडली कशी, तर वर्षानुवर्षं पाठ असलेली चार-पाच गाणी पुन्हा पुन्हा लावून. ही गाणी कोणती, प्रत्येकात नेमकं काय ऐकायचं आणि ते ऐकू आलं नाही तर काय बघायचं, ते या लेखात आहे. तुमचा स्पीकर चार हजारांचा असो की चाळीस हजारांचा, पद्धत हीच.

फोन तुमच्यापासून काय लपवतो

आवाज म्हणजे हवेची कंपनं. एका सेकंदाला किती कंपनं, ते हर्ट्झमध्ये मोजतात. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं. फोनचा स्पीकर नखाएवढा असतो, त्यामुळे तीन-चारशे हर्ट्झच्या खाली त्याचा जोर झपाट्याने कमी होतो. चार-पाच इंची वूफर असलेला बऱ्यापैकी स्पीकर मात्र ५०-६० हर्ट्झपर्यंत उतरतो.

मग फोनवर तबल्याचा बायां किंवा पुरुषाचा खर्जातला आवाज ऐकू येतो तो कसा? इथे गंमत आहे. कुठलाही सूर एकटा नसतो. १०० हर्ट्झचा सूर लागला की त्याच्यासोबत २००, ३००, ४०० असे वरचे सूरही वाजतात. फोन खालचे गाळतो, वरचे ऐकवतो, आणि आपला मेंदू वरच्यांवरून खालच्याचा अंदाज बांधतो. सूर ओळखू येतो, पण त्याचं वजन येत नाही. म्हणून फोनवर हजार वेळा ऐकलेलं गाणं चांगल्या स्पीकरवर लावलं की त्यात एक अख्खा मजला नवीन सापडतो.

पहिली परीक्षा तानपुऱ्याची

बासवालं डीजे गाणं लावून स्पीकर पारखायची आपली सवय असते. मीही तेच करायचो. पण धडधड कुठलाही स्पीकर करतो. खरी परीक्षा तानपुऱ्याची.

तानपुऱ्याला सहसा चार तारा. पहिली पंचमाची (काही रागांत मध्यमाची), मधल्या दोन षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. गायक काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीत गात असेल, तर मधला षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा आणि खर्ज त्याच्या निम्मा, ६९ हर्ट्झ. फोनच्या स्पीकरच्या हा कितीतरी खाली आहे. शिवाय तारेखाली घोडीवर दोरा सरकवून जवारी काढलेली असते, त्यामुळे प्रत्येक तारेतून वरच्या सुरांची झुळूक सतत उमटत राहते. म्हणजे एकाच वाद्यात अगदी खालचं आणि अगदी वरचं, दोन्ही.

कुठलाही ख्याल घ्या. तबला सुरू होण्याआधीची दोन मिनिटं ऐका. मी किशोरी आमोणकरांचा भूप, 'सहेला रे', लावतो. बायकांची पट्टी वरची असल्यामुळे त्यांचा खर्ज साधारण शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास येतो, लहान स्पीकरलाही तो झेपतो. त्यानंतर भीमसेन जोशींचा कुठलाही मोठा ख्याल. आता लक्ष गायकावर ठेवू नका, मागे ठेवा. चारही तारा वेगवेगळ्या मोजता येतात का? चौथी तार छेडल्यावर खोलीत काहीतरी पसरल्यासारखं होतं का? की मागे नुसती एकसुरी गुणगुण आहे? गुणगुणच असेल तर स्पीकर खाली उतरत नाही, किंवा खोली त्याला नीट उतरू देत नाही.

आमच्याकडे दुसरं होतं. चौथी तार बाकी तिघींना गिळून टाकत होती. मडकं तेच.

मोनो गाणी टाकाऊ नाहीत

'जुन्या रेकॉर्डिंगला भारी स्पीकर कशाला?' हे खूप जण विचारतात. गीतरामायण १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं; गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, एकूण ५६ गीतं. त्या काळचं रेडिओवरचं सगळंच मोनो, म्हणजे आवाजाचा एकच प्रवाह. त्या दशकातली बरीच भावगीतंही तशीच.

मोनो गाण्यात डाव्या-उजव्या स्पीकरमधून तंतोतंत तेच येतं. म्हणून दोघांच्या बरोबर मध्ये बसलं तर गायक अगदी समोर, दोन स्पीकरच्या मधल्या रिकाम्या जागेत उभा असल्यासारखा वाटायला हवा. तो एका बाजूला सरकला तर तुमची खुर्ची किंवा स्पीकर वाकडे आहेत. तो कुठेच नाही, आवाज डोक्याभोवती विखुरलाय आणि बासही गायब, असं असेल तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायर उलट लागल्यात. एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि दोघं एकमेकांना खातात. वायर बदला, दोन मिनिटांचं काम.

दोन स्पीकर कशासाठी

स्टिरिओ समजायला माझ्या मते 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) सारखा अल्बम नाही. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. डोळे मिटा आणि कोणतं वाद्य कुठे बसलंय ते बोटाने दाखवा. संतूरचा टणत्कार विरत जाताना शेवटपर्यंत ऐकू येतो का, बासरीत सुराआधीची फुंक कळते का, हे बघा.

एकच ब्लूटूथ स्पीकर असेल तर डावं-उजवं एकाच डब्यातून येतं, त्यामुळे हा खेळ जमत नाही. एकाच कंपनीचे दोन डबे जोडता येत असतील तर ॲपमध्ये 'पार्टी' ऐवजी 'स्टिरिओ' निवडा. पार्टीमध्ये दोन्हीकडे तेच वाजतं.

ढोलकी, ढोल आणि लॉस एंजेलिस

'नटरंग' (२०१०) मधली बेला शेंडेंची 'वाजले की बारा' ही लावणी ढोलकीसाठी लावा. थाप पडते तो क्षण धारदार हवा, आणि पडल्यावर लगेच संपायला हवा. थापेमागे 'हूं' अशी शेपटी राहत असेल तर बास सैल आहे. दिवाळीनंतर आपल्याकडे झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो, तिथे ऑर्गन आणि तबला समोरच वाजतात. शक्य तेवढं स्टेजजवळ बसा. खरी थाप कशी असते हे एकदा कानात बसलं की कुठल्याही स्पीकरच्या जाहिरातीला फसत नाही माणूस.

'जैत रे जैत' (१९७७) तर आपल्या जंगलातल्या माणसांनी ऐकावाच. ना. धों. महानोरांची गाणी, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, ठाकर आदिवासींची गोष्ट. त्यातल्या समूहगाण्यांत घोळक्यातले आवाज वेगवेगळे ऐकू येतात की एकच गोळा होतो, ते तपासा.

आणि 'सैराट' (२०१६). 'झिंगाट' लग्नात इतकं वाजलंय की आता स्पीकर पारखायला त्याचा उपयोग नाही. 'याड लागलं' लावा. अजय-अतुल यांनी या सिनेमासाठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर पाश्चात्त्य वाद्यवृंद रेकॉर्ड केला. फोनवर ती व्हायोलिनं एका पट्टीसारखी चिकटलेली वाटतात. चांगल्या जोडावर त्यांच्या मागे मोठा हॉल आहे हे जाणवतं आणि अजय गोगावलेंचा आवाज त्या सगळ्यापुढे सुटा उभा राहतो. सुटा राहत नसेल तर व्हॉल्यूम वाढवू नका, आधी खोली बघा.

खोली हाही स्पीकरच

आमची पुढची खोली दहा बाय बाराची. ३४५ मीटर प्रति सेकंद या आवाजाच्या वेगाने हिशेब केला तर दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५७ हर्ट्झ आणि बारा फुटांच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झचा आवाज अडकून घुमतो. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर ही घुमणी आणखी चेतवतो. मी काय केलं होतं? दोन्ही स्पीकर कोपऱ्यांत, लोखंडी कपाट आणि शोकेसवर. भरीला फोनमध्ये 'बास बूस्ट' चालू. बाबांचं मडकं तिथे होतं.

स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घेतले, स्टुलांवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, तेवढंच प्रत्येकापासून खुर्चीचं. मग खोलीत टाळी वाजवून बघितली. टाळीमागे 'टर्र' असा आवाज आला तर समोरासमोरच्या भिंती उघड्या आहेत; एका भिंतीवर जाड पडदा लावा किंवा गोधडी टांगा. फरशीवर सतरंजी. फोम-बिम विकत घ्यायची गरज नाही. छत टिनाचं असेल तर मोठ्या आवाजात ते स्वतःच थरथरतं, आवाज जरा कमीच ठेवा. (पावसाळ्यात टिनाखाली शास्त्रीय संगीत ऐकायचा नाद सोडा.)

शेजारचे सुतारकाका म्हणाले, "आलापल्लीत राहून भुशाच्या फळीचे डबे कशाला? सागवानाचे करून देतो ना." वनवैभवातले जुने साग बघत मोठं झालेल्या माणसाला ते लागणारच. पण कंपन्या एमडीएफ वापरतात त्याला किमतीशिवायही कारण आहे. त्या फळीत रेषा, गाठी नसतात, सगळीकडे घनता सारखी, म्हणून डबा स्वतःचा सूर कमी लावतो. साग इतर लाकडांपेक्षा कमी फुगतो-आकसतो, तरी अस्सल लाकडाला ऋतू कळतोच. काकांकडून मी सागाचे स्टूल करून घेतले. दोघंही खूश.

वॅटच्या आकड्याला भुलू नका. 'पीएमपीओ' लिहिलेले हजारो वॅट सोडून द्या, 'आरएमएस' बघा. आणि लाइट गेल्यावर स्पीकरमधून घरघर येत असेल तर घाबरू नका. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहरीची वीज देतात, तिची ती घरघर असते.

गाणं स्पीकरपर्यंत पोचतं कसं

इथे आपल्याकडच्या लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. नेटवर्क ढासळलं की ॲप गुपचूप क्वालिटी खाली आणतं, आणि आपण स्पीकरला दोष देतो. म्हणून टॉवर चांगला असेल तिथे गाणी डाउनलोड करून घ्या. ३२० केबीपीएसला तासाला साधारण १४४ एमबी लागतात, ९६ ला ४३. सीडीचा मूळ दर १४११ केबीपीएस आहे, तेवढं लॉसलेस मिळत असेल तर उत्तमच. पण ३२० आणि लॉसलेसमधला फरक बारीक आहे, ९६ आणि ३२० मधला मोठा. स्ट्रीमिंग आणि डाउनलोड, दोन्हींची क्वालिटी वेगवेगळी सेट करावी लागते, हे विसरू नका.

ब्लूटूथमध्ये एसबीसी सगळीकडे चालतं, एएसी बहुतेक फोनमध्ये असतं. एलडॅक ९९० केबीपीएसपर्यंत जातं, पण फोन आणि स्पीकर दोन्हींकडे हवं. वायर लावायची सोय असेल तर मी वायरच लावतो. फोनमधले बास बूस्ट, सराउंड, इक्वलायझर, सगळं बंद करून मग पारखा. आवडत असेल तर नंतर चालू करा, कान तुमचे आहेत.

आणि जे कुठल्याच ॲपवर धड नाही

स्पीकर जागेवर बसल्यावर बाबांनी अर्धा दिवस अभंग ऐकले. मग शेजारची माडिया पोरं आली आणि म्हणाली, "दादा, रेला लाव." मला मिळाले ते लग्नात मोबाईलवर काढलेले व्हिडिओ. चांगल्या स्पीकरवर ते आणखी वाईट वाजले. ढोलाची थाप पडली की बायकांचं गाणं बुडायचं, अर्ध्या सेकंदाने पुन्हा वर यायचं. हा फोनचा ऑटो गेन. मोठा आवाज आला की तो माइक आपोआप दाबतो, त्यासोबत सगळंच दबतं.

याला उपाय आहे, तोही फुकट. ज्यात गेन हाताने कमी करता येतो असं रेकॉर्डर ॲप घ्या आणि 'नॉइज सप्रेशन' बंद करा. फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवा. ढोलाच्या तोंडासमोर उभे राहू नका, गाणाऱ्यांकडे तोंड करून दोन-तीन मीटरवर थांबा. सगळ्यात मोठी थाप पडल्यावरही मीटर लाल होता कामा नये. फोन फ्लाइट मोडवर, आणि हातात न धरता कशावर तरी टेकवलेला. गाणाऱ्यांना आधी विचारा आणि नंतर त्यांनाच पहिल्यांदा ऐकवा. पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून गेला की तो आणखी दाबला जातो.

या उन्हाळ्यात पोरांनी असा एक रेला पाटा रेकॉर्ड करून आणला. सोळा मिनिटांचा, मोनो, मध्ये एक कुत्रं भुंकतंय. आता घरी कुणी आलं की बाबा आधी तोच लावायला सांगतात.