साखळीपासून संगणकापर्यंत

पांढुर्णा आणि सौंसर हा मुलूख एके काळी नागपूरकर भोसल्यांचा. १८५४ साली ते राज्य खालसा झाले; १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला. १९५६ च्या पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. राज्ये बदलली; परंतु संत्र्याच्या बागेची नि कपाशीच्या वावराची हद्द मात्र पटवाऱ्याच्या नकाशातील रेघच सांगत आली.

ही रेघ साखळीतून जन्मली. गंटरची साखळी ६६ फुटांची, कड्या १००. दहा चौरस साखळ्यांचा एक एकर, ऐंशी साखळ्यांचा एक मैल. हिशेब कसा सुटसुटीत! देशाच्या त्रिकोणमितीय मोजणीस १८०२ साली मद्रासेत आरंभ करणारा लॅम्बटन १८२३ साली आपल्या हिंगणघाटासच निवर्तला. त्या मोजणीने नकाशाला सांगाडा दिला, तर शेतोशेती फिरलेल्या साखळीने त्यावर मांस चढविले. मध्यप्रांतात गावनकाशाचे प्रमाण मैलास सोळा इंच असे रूढ झाले.

आता या प्रमाणाचा अर्थ पाहा. नकाशावरील अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर जवळजवळ साडेसहा फूट. तीनशे फूट लांबीच्या धुऱ्यावर रेघ एवढीच सरकली, तर सुमारे १,९५० चौरस फूट जमीन एकाची दुसऱ्याकडे जाते. भाऊबंदकीला एवढे कारण पुरते.

आज हे कागद पीडीएफ रूपाने संगणकात आले आहेत आणि घराचा वा बागेचा आराखडा करणाऱ्यास त्यांतून कॅडच्या रेघा हव्या असतात. पीडीएफ दोन जातींची असते. संगणकावरच काढलेल्या नकाशात रेघा रेघांच्याच रूपाने असतात. त्या थेट उचलता येतात, मात्र वळणांचे बारीक तुकडे होतात आणि कधी अक्षरांच्याही रेघा बनतात. जुन्या कागदाची छबी घेतलेली असेल, तर यंत्राला तेथे केवळ काळे-पांढरे ठिपके दिसतात. धुरा कोणता, घडी कोणती आणि शाईचा डाग कोणता, हे त्यास कळत नाही. तेव्हा छबी खाली ठेवून वर रेघ गिरवावी लागते.

गिरवण्यापूर्वी प्रमाण बसविले पाहिजे. केवळ दोन खुणा जुळवून भागत नाही. कारण जुना कागद आडवा आणि उभा सारखाच आकसत नाही. म्हणून नकाशाच्या चारी अंगांना हद्दीचे दगड, तिवढ्याच्या खुणा अशी ठिकाणे निवडावीत, आणि एक खूण पडताळ्यासाठी राखून ठेवावी. तारेचे कुंपण किंवा ओढ्याचा काठ मात्र खूण म्हणून धरू नये. ती दोन्ही सरकतात.

पडद्यावरील रेघ कितीही मोठी करून पाहिली तरी बारीकच दिसते. तिची अचूकता मात्र मूळ कागदाहून अधिक होत नाही. जुन्या साखळीवाल्यास वावरात चालावे लागे, आणि त्या वेळी दोन्हीकडचे शेतकरी समोर असत. नव्या रेघेवर सही होण्यापूर्वी ती चाल एकदा तरी व्हावी, आणि मूळ कागद फेकून न देता जपून ठेवावा.