दिव्याखालचे सगळेच डास नसतात. उजनीकाठची चिलटं अशी ओळखा

शिवरात्र जवळ आली की उजनीचं पाणी मागे सरकायला लागतं आणि गाळ उघडा पडतो. याच दिवसांत इंदापूर, करमाळा, दौंड तालुक्यांतल्या काठच्या गावांत संध्याकाळी दिव्याभोवती किड्यांचे थवे जमतात. सकाळी ओट्यावरून झाडूनच काढावे लागतात. लोक म्हणतात, डास वाढले. पण यातली पुष्कळशी पाण्यावरची चिलटं असतात. शास्त्रीय नाव कायरोनोमिड. ती चावत नाहीत.

भिंतीवर बसलेल्या किड्याचा मोबाईलवर जवळून फोटो काढा आणि मोठा करून बघा. डासाला तोंडापुढे लांब सोंड असते, चिलटाला नसते. बसल्यावर डास बहुधा मागचे पाय उचलून धरतो, चिलट पुढचे. चिलटाचे पंख आखूड असतात, त्यामुळे पोटाचं टोक बाहेर दिसतं. पिसासारख्या मिशांवरून मात्र ठरवू नका. तशा मिशा नर डासालाही असतात.

पाण्यातली अळी तर लगेच ओळखू येते. डासाची अळी श्वास घ्यायला पाण्याच्या वरच्या थराला येते, हात लावला की वळवळत खाली जाते. चिलटाची अळी तळाच्या गाळात राहते आणि अनेक जातींत ती लालभडक असते. तो लाल रंग हिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तात असतं तसंच द्रव्य. त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या सांडपाण्याच्या गाळातही ती तग धरते. म्हणून डबक्यावर तेल टाकलं तर डासाची अळी गुदमरते, या लाल अळीला फरक पडत नाही. घरच्या टाकीत लाल अळ्या दिसल्या तर तळाला गाळ साचलाय असं समजा. टाकी रिकामी करून घासा आणि झाकण घट्ट बसवा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात केशवनगर-खराडी भागात मुळा-मुठेवर किड्यांचे उंच खांब उठलेला व्हिडिओ घरोघरी फिरला. नाव पडलं डासांचं वादळ. असे मोठे खांब करून उडणं ही चिलटांची जुनी सवय आहे. त्यात बहुतेक नर असतात.

मेंढपाळांनी मात्र आणखी एका किड्याकडे लक्ष द्यावं. क्युलिकॉइड्स नावाचं चिलट जेमतेम १ ते ३ मिलिमीटरचं, अनेकदा पंखांवर ठिपके, आणि बसल्यावर पंख कात्रीसारखे एकावर एक. हे चावतं, तेही मुख्यतः तिन्हीसांजेला आणि पहाटे. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आत येतं. मेंढ्यांचा नीलजिव्हा रोग यानेच पसरतो: ताप, तोंडाला सूज, तोंडात फोड, लंगडणं. जोर पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त. लस आहे, जनावरांच्या दवाखान्यात आधीच विचारून ठेवावं. वाड्याजवळ ओलं शेण साचू देऊ नये, हे किडे तिथेच वाढतात.

न चावणाऱ्या चिलटांसाठी काठावर शेतीचं औषध मारू नये. मासे मरतात, आणि याच अळ्यांवर मासे आणि पाणपक्षी जगतात. दारातला पांढरा दिवा बंद ठेवून पिवळा लावला तरी थवा बराच कमी होतो. मेलेल्या चिलटांच्या भुकटीने काहींना दमा, शिंका होतात. झाडण्याआधी पाणी शिंपडावं, तोंडाला रुमाल बांधावा.

मात्र डासही याच दिवसांत असतात. थंडी वाजून ताप आला तर "चिलटंच आहेत" म्हणून बसू नका, आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या.