मुडदूस आणि व्हिएन्नातील हिवाळा

इ. स. १९१९ साली व्हिएन्ना शहराची मोठी दैन्यावस्था झाली होती. महायुद्ध हरलेले, साम्राज्य मोडलेले, दूधलोणी मिळेनासे झालेले. हिवाळा सरता सरता तेथील दवाखान्यांत मुडदूस झालेली तान्ही मुले येत. हा रोग पुष्कळ भगिनींच्या ऐकण्यातला असेल. टाळू लवकर भरत नाही, मनगटे जाड होतात, फासळ्यांवर मण्यांसारख्या गाठी येतात आणि मूल उभे राहू लागले की पाय धनुकलीसारखे वाकतात. हाडांत चुना नीट बसत नाही म्हणून ती मऊ राहतात; स्नायूही ढिले पडतात.

इंग्लंडातील ग्लिसन या वैद्याने १६५० मध्येच या रोगावर ग्रंथ लिहिला होता. पण कारणाचा वाद पुढे पावणेतीनशे वर्षे चालला. १८९० मध्ये, जपानात राहून आलेल्या पाम नावाच्या डॉक्टरने ऊन हेच औषध असे लिहिले. ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९१९ मध्ये मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिलांवरील प्रयोगांवरून आहाराकडे बोट दाखवले, तर त्याच वर्षी बर्लिनच्या हुल्डशिन्स्की यांनी आजारी मुलांना पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश दिला. प्रकाश एका हातावर पाडला आणि सुधारली दोन्ही हातांची हाडे! मग खरे काय, अन्न की प्रकाश?

हा प्रश्न घेऊन लंडनच्या लिस्टर संस्थेतील डॉ. हॅरिएट चिक व्हिएन्नास गेल्या. एल्सी डॅलियेल, मार्गारेट ह्यूम, हेलन मॅके या सहकारिणी त्यांच्या जोडीला होत्या. बालरुग्णालयाचे प्रमुख फॉन पिर्के यांच्या मते हा रोग संसर्गाचा; तरी त्यांनी आपले दालन या बायकांस मोकळे करून दिले. हा मोठेपणाच म्हटला पाहिजे. काही बाळांना रुग्णालयाचा नेहमीचा आहार, काहींना सकस दुधाच्या भुकटीबरोबर कॉड माशाचे तेल, आणि सर्वांच्या हाडांची क्ष-किरणांनी वरचेवर तपासणी. हिवाळ्यात पहिल्या गटातील अनेकांना मुडदूस झाला. तेल घेणाऱ्यांना झाला नाही. उन्हाळ्यात मात्र कोणालाच झाला नाही. आजारी बाळे तेलाने बरी झाली, दिव्याने झाली, आणि आहार न बदलता नुसत्या उघड्यावरच्या उन्हानेही झाली. म्हणजे वाद घालणारे दोन्ही पक्ष खरे होते. १९२२ मध्ये मॅकॉलम यांनी तेलातील त्या द्रव्यास ‘ड’ जीवनसत्त्व हे नाव दिले. तेच आपली कातडी उन्हात तयार करते.

मग आमच्या उन्हाच्या देशात हा रोग नसावा, असे वाटेल. त्याच १९२२ साली हचिसन आणि शाह यांनी आपल्या नाशकातली पाहणी प्रसिद्ध केली. सुस्थितीतल्या घरच्या पडदानशीन बायकांची, अंधाऱ्या खोल्यांत वाढणारी मुले मुडदुसाने आजारी. आईबरोबर उघड्यावर वावरणारी गरिबांची मुले, खाणे निकृष्ट असूनही, त्यापासून बरीचशी दूर! आमची ती दारे-खिडक्या लावलेली, धुरीने भरलेली बाळंतिणीची खोली आठवा. सोन्यासारखे ऊन अंगणात आणि आई-मूल आत.

आज ती खोली राहिली नाही, पण सदनिकांची दारे बंदच असतात. काचेतून आलेल्या उन्हाचा या कामी उपयोग नाही, कारण लागणारे किरण काच अडवते. सावळ्या कातडीला ऊन जास्त वेळ लागते. आईच्या दुधासारखे दुसरे दूध नाही, तरी त्यात ‘ड’ जीवनसत्त्व थोडेच असते. म्हणून बालरोगतज्ज्ञ पहिले वर्षभर रोज ४०० युनिटांचे थेंब द्यावयास सांगतात. कोवळ्या बाळाला भर उन्हात ठेवणेही बरे नव्हे. आणि मालिशचे तेल? चोळावे, अवश्य चोळावे, बाळाला झोप छान लागते. पण तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात हे जीवनसत्त्व नसते, तेव्हा थेंबांचे काम ते करणार नाही.