एका ‘हर’चा वाद : पीएसएटी, २००२

१/ ऑक्टोबर २००२. अमेरिकेतील लाखो शालेय विद्यार्थ्यांनी पीएसएटी ही परीक्षा दिली. नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीची पहिली चाळणी याच परीक्षेतून होत असल्याने एकेका गुणाला मोल होते.

२/ एका प्रश्नात नोबेल-विजेत्या टोनी मॉरिसन यांच्याविषयी वाक्य होते. त्याचा आशय असा : त्यांची प्रतिभा त्यांना आफ्रिकी-अमेरिकनांनी सोसलेल्या अन्यायाला वाचा फोडणाऱ्या कादंबऱ्या लिहिण्यास समर्थ करते. वाक्यात चूक कोठे आहे? अधिकृत उत्तर : चूक नाही.

३/ मेरीलँडमधील एका शिक्षकाने आक्षेप घेतला. वाक्याचा आरंभ होता ‘टोनी मॉरिसन्स जीनियस एनेबल्स हर’. सर्वनाम नामाऐवजी येते. पण येथे ‘मॉरिसन’ हे नाम स्वतंत्रपणे आलेलेच नाही. ‘मॉरिसन्स’ हे षष्ठीचे रूप ‘जीनियस’चे विशेषण ठरते. मग ‘हर’ कोणासाठी?

४/ हा तर्क मराठी वाचकाला परका नाही. मॉरिसनची प्रतिभा, मॉरिसनचे लेखन : आपल्याकडेही षष्ठीचे रूप विशेषणाप्रमाणे पुढील नामानुसार बदलते. तरीही ‘मॉरिसनच्या लेखनाने तिला कीर्ती दिली’ यातील ‘तिला’ कोणाला खटकत नाही.

५/ अशा सर्वनामाने कधी कधी संदिग्धता येते, हे खरे. ‘जॉन्स ब्रदर लॉस्ट हिज बुक’ : पुस्तक जॉनचे की भावाचे? मॉरिसन यांच्या वाक्यात मात्र असा संभ्रम नव्हता. प्रतिभा काही कादंबऱ्या लिहावयास बसत नाही.

६/ परीक्षा घेणाऱ्यांनी प्रथम आक्षेप फेटाळला. शिक्षकाने पाठपुरावा सोडला नाही. अखेर तज्ज्ञांचे मत घेण्यात आले आणि मे २००३ मध्ये तो प्रश्न वगळून गुण नव्याने मोजले गेले.

७/ याचा अर्थ नियम सिद्ध झाला, असा नव्हे. जेफ्री पुलम, अर्नोल्ड झ्विकी आदी भाषाशास्त्रज्ञांनी हा नियमच अमान्य केला. उत्तम इंग्रजी गद्यात तो पाळला जात नाही, हे त्यांचे प्रमाण.

८/ तरीही प्रश्न वगळणे न्याय्य होते. काही व्याकरण-पुस्तिकांत हा नियम छापलेला होता. तो प्रामाणिकपणे शिकून ‘हर’ला चूक ठरवणाऱ्या विद्यार्थ्याचा गुण गेला होता. जाणकारांचेच जेथे एकमत नाही, तेथे एकच उत्तर मागणारा प्रश्न विद्यार्थ्याचे ज्ञान मोजत नाही. त्याच्या हाती कोणते पुस्तक पडले, एवढेच मोजतो.