बिनतारी ‘टेन्स’ यंत्र घेण्यापूर्वी...

मंचर : जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके कष्टाच्या शेतीचे. पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात आवणीच्या दिवसांत चिखलात वाकून भाताची रोपे लावावी लागतात. पूर्वेकडे कांद्याची काढणी, द्राक्षबागांची छाटणी आणि टोमॅटोची तोडणी चालते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलणारे हमाल असोत की आदिवासी भागातील शेतमजूर महिला, उतारवयात कंबर, गुडघे आणि खांदे यांचे दुखणे सोबतीला येतेच. या गावांतील अनेक घरांतील मुले पुण्या-मुंबईत नोकरी करतात. आई-वडिलांच्या दुखण्यावर उपाय म्हणून बिनतारी ‘टेन्स’ यंत्र इंटरनेटवरून मागवून गावी पाठविणे त्यांना आता सोपे झाले आहे. मात्र हे यंत्र सर्वांसाठी सुरक्षित नाही आणि ते दुखण्याचे मूळही बरे करीत नाही. त्यामुळे खरेदीपूर्वी काही गोष्टी समजून घेणे आवश्यक आहे.

‘टेन्स’ म्हणजे काय?

त्वचेवर चिकटविलेल्या पट्ट्यांतून सौम्य विद्युतलहरी सोडून मज्जातंतूंना चेतना देण्याच्या पद्धतीस ‘टेन्स’ म्हणतात. हाताचे कोपर कोठे आपटले, की आपण ते नकळत चोळतो आणि कळ कमी झाल्यासारखी वाटते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलेला ‘द्वार-नियंत्रण सिद्धांत’ याचेच स्पष्टीकरण देतो. स्पर्शाची जाणीव नेणाऱ्या तंतूंना चेतना मिळाली, तर वेदनेचा संदेश मज्जारज्जूतच काही प्रमाणात अडविला जातो. ‘टेन्स’ यंत्र हेच काम विजेच्या साह्याने करते.

स्नायू आकुंचित करणारे ‘ईएमएस’ यंत्र वेगळे. बाजारात दोन्ही सुविधा एकत्र असलेली यंत्रे मिळतात. पण वेदनेसाठी ‘टेन्स’चाच पर्याय निवडावा लागतो. दवाखान्यात ‘करंट’ लावतात ते यंत्र अनेकदा ‘आयएफटी’ पद्धतीचे असते. त्यामुळे ‘दवाखान्यातलेच यंत्र घरी’ ही जाहिरात शब्दशः घेऊ नये.

उपयोग कितपत?

याबाबत तज्ज्ञांत एकवाक्यता नाही. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी आणि २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेसाठी ‘टेन्स’ देऊ नये, असे मार्गदर्शन केले. दुसरीकडे, २०२२ मध्येच ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात ३८१ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. यंत्र सुरू असताना आणि त्यानंतर लगेच वेदनेची तीव्रता कमी होते, असा त्याचा निष्कर्ष होता. सामान्य वाचकाने यातून एवढेच घ्यावे, की या यंत्राकडून तात्पुरत्या आरामाची अपेक्षा ठेवता येईल. झिजलेला गुडघा किंवा सरकलेली गादी त्याने पूर्ववत होणार नाही. व्यायाम आणि वैद्यकीय उपचार यांची जागा ते घेऊ शकत नाही.

‘बिनतारी’चा फायदा आणि तोटा

बिनतारी यंत्रात बॅटरी असलेली छोटी डबी थेट पट्टीवर बसते. रिमोट, मोबाइल किंवा डबीवरील बटणे यांनी तिचे नियंत्रण होते. वायरी कपड्यांत अडकत नाहीत, ही मोठी सोय. मात्र वीजप्रवाहाला दोन ध्रुव लागतात. अनेक बिनतारी यंत्रांत ते एकाच पट्टीत शेजारी बसविलेले असल्याने त्यांतील अंतर वाढविता येत नाही. कंबरेचा रुंद भाग किंवा गुडघ्याच्या दोन्ही बाजू व्यापायच्या असतील, तर दोन स्वतंत्र पट्ट्यांचे वायरचे यंत्र अधिक सोयीचे ठरू शकते. बिनतारी असणे ही सोय आहे. त्यामुळे वेदना अधिक कमी होते असे नाही.

खरेदी करताना काय पाहावे?

नियंत्रण : लहरींची वारंवारिता आणि तीव्रता दोन्ही बदलता आल्या पाहिजेत. साधारणपणे सेकंदाला ५० ते १०० लहरींची नेहमीची पद्धत आणि २ ते ४ लहरींची मंद पद्धत, असे दोन्ही पर्याय असावेत. तीव्रता बारीक टप्प्यांनी वाढणारी असावी. एकदम झटका देणारे यंत्र टाळावे.

बटणे : केवळ मोबाइल ॲपवर चालणारे यंत्र ज्येष्ठांच्या उपयोगाचे नाही. मोबाइल घरातील दुसऱ्याने नेला किंवा कंपनीने ॲप बंद केले, तर यंत्र पडून राहते. डबीवर किंवा रिमोटवर मोठी, हाताला कळणारी बटणे असावीत.

पट्ट्यांचा खर्च : खरा खर्च येथे असतो. एक पट्टी २५ वेळा वापरता आली असे धरले, तर रोज एकदा वापरणाऱ्यास वर्षाला सुमारे १५ संच लागतील. घाम, धूळ आणि तेल यांमुळे चिकटपणा त्याहून लवकर जातो. त्यामुळे पट्ट्यांची किंमत आणि उपलब्धता आधी विचारावी. त्याच कंपनीच्या पट्ट्या लागणारे यंत्र स्वस्त असले तरी पुढे महाग पडते.

परवाना : वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ नुसार अशा उपकरणांवर सरकारी नियंत्रण आहे. खोक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता व परवाना क्रमांक, आयात माल असल्यास आयातदाराचे नाव व आयात परवाना क्रमांक, तसेच कमाल किरकोळ किंमत पाहावी. पक्के बिल आणि हमीपत्र घ्यावे. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

कोणी वापरू नये?

हृदयात पेसमेकर किंवा तत्सम यंत्र बसविलेल्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय ‘टेन्स’ला हात लावू नये. अपस्माराचे रुग्ण आणि गर्भवती महिला यांनीही वैद्यकीय सल्ल्याशिवाय ते वापरू नये. मानेचा पुढील भाग, डोके, छाती, जखम, कर्करोगाची गाठ आणि रक्ताची गुठळी असलेला पाय येथे पट्टी लावू नये.

मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेल्यांना विशेष धोका संभवतो. लहर किती तीव्र आहे हे त्यांना कळत नाही आणि त्वचेला इजा झाली तरी ती उशिरा लक्षात येते. यंत्र देण्यापूर्वी आई-वडिलांना डोळे मिटायला सांगून त्या जागी कापूस आणि बोथट टोक आलटून पालटून टेकवावे. दोन्हींतील फरक ओळखता आला नाही, तर तेथे यंत्र लावू नये.

दुखण्यासोबत ताप, वजन घटणे, पायातील शक्ती जाणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे अशी लक्षणे असतील, तर यंत्राचा विचारही करू नये. मणक्याचा क्षयरोग किंवा नस दबणे यांसारखी कारणे असू शकतात. अशा वेळी मंचरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा नारायणगाव, जुन्नर आणि घोडेगाव येथील ग्रामीण रुग्णालयांत तपासणी करून घ्यावी. छातीतील कळ डाव्या हातात वा जबड्यात जात असेल, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

वापरताना लक्षात ठेवा

- तेल किंवा बाम चोळलेल्या त्वचेवर पट्टी लावू नये. त्वचा साबणाने धुऊन कोरडी करावी.
- पट्टी लावताना आणि काढताना यंत्र बंद असावे. तीव्रता शून्यापासून हळूहळू वाढवावी.
- जोरकस पण सुसह्य मुंग्या जाणवतील इतपतच तीव्रता ठेवावी. वेदना होणे किंवा स्नायू आखडणे म्हणजे मात्रा जास्त झाली.
- एका वेळी २० ते ३० मिनिटे पुरेशी आहेत. त्यानंतर त्वचा लाल झाली आहे का ते पाहावे.
- झोपेत, आंघोळ करताना किंवा ट्रॅक्टर, दुचाकी चालविताना वापरू नये.
- रोज त्याच मात्रेने वापरल्यास परिणाम बोथट होऊ शकतो. अधूनमधून खंड द्यावा किंवा पद्धत बदलावी.

शक्य असल्यास भौतिकोपचारतज्ज्ञांकडे एकदा ‘टेन्स’ लावून पाहावे आणि उतार पडला तरच खरेदी करावी. यंत्र कुरिअरने पाठविण्यापेक्षा सुटीत गावी जाऊन, आई-वडिलांच्या शेजारी बसून ते वापरायला शिकवावे. त्यांना पेसमेकर आहे का, साखर किती आहे, पाय बधिर होतात का, या प्रश्नांची उत्तरेही त्याच वेळी मिळतील.