पाच दिवसांचे धुके आणि मृतांचा हिशेब : लंडन, १९५२

५ डिसेंबर १९५२, शुक्रवार. लंडनवर धुके उतरले तेव्हा ते कोणाला संकट वाटले नाही. जॉन एव्हलिन या लेखकाने १६६१ सालीच राजा दुसरा चार्ल्स याला उद्देशून शहरातल्या कोळशाच्या धुराविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. धूर आणि धुके यांच्या मिश्रणाला ‘स्मॉग’ हा शब्द १९०५ पासून प्रचारात होता. जवळजवळ तीनशे वर्षे खोकणाऱ्या शहराला खोकल्याचे भय कसे वाटावे?

त्या आठवड्यात वारा पडला. जमिनीलगत थंड हवा साचली आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसला. थंडी कडाक्याची, त्यामुळे घरोघरी शेगड्या अधिकच पेटल्या. त्यांत जळत होता हलक्या प्रतीचा, चुऱ्याचा कोळसा. चांगला कोळसा कर्जबाजारी ब्रिटन परदेशी विकत होता. ट्राम त्याच वर्षी जुलैत बंद होऊन रस्त्यांवर डिझेल बसगाड्या आल्या होत्या. ब्रिटिश हवामान खात्याच्या अंदाजानुसार त्या दिवसांत रोज सुमारे १००० टन धूरकण आणि ३७० टन सल्फर डायऑक्साइड हवेत मिसळत होता. धुक्याच्या थेंबांत या वायूचे गंधकाम्ल झाले, म्हणजे लंडनकर अक्षरशः आम्ल श्वासावाटे घेत होते.

सॅडलर्स वेल्समधला ऑपेरा मध्येच थांबवावा लागला, कारण धुके प्रेक्षागृहात शिरले होते. हे किस्से सर्वत्र सांगितले जातात. मला अधिक बोलका वाटतो तो अर्ल्स कोर्टमधल्या पशुप्रदर्शनाचा प्रसंग. तेथील निवडक, बक्षीसपात्र गुरे धापा टाकू लागली. काही दगावली, काहींना मारावे लागले. ज्यांचे गोठे वारंवार साफ केले जात होते त्यांनाच अधिक त्रास झाला, असे पुढे सांगितले गेले. शेणमुतातून उठणाऱ्या अमोनियाने हवेतले आम्ल काही अंशी मारले, असा त्याचा उलगडा दिला जातो.

माणसांचे काय? सूक्ष्म धूरकण फुप्फुसात खोलवर जातात; आम्लाने श्वासनलिकांचा दाह होतो, त्या आकसतात, कफ दाटतो. प्राणवायू कमी पडला की दुर्बल हृदयावर ताण येतो. म्हणून मेले ते प्रामुख्याने वृद्ध, जुन्या ब्राँकायटिसचे रुग्ण आणि तान्ही मुले. रस्त्यात कोणी कोसळले नाही. माणसे आपापल्या अंथरुणात गेली. शवपेट्या आणि फुले अपुरी पडू लागली, तेव्हा शहराच्या काहीसे ध्यानात आले. पुढे मृत्युनोंदी जुळवल्यावर सुमारे ४००० जादा मृत्यूंचा आकडा पुढे आला.

९ डिसेंबरला वारा सुटला, पण मृत्यूंचे प्रमाण पुढचे दोन-तीन महिने उतरले नाही. सरकारी अहवालाने हे नंतरचे मृत्यू इन्फ्लुएन्झाच्या खात्यावर टाकले. २००१ मध्ये संशोधकांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. तापाच्या साथीने एवढा फरक पडत नाही, असे त्यांना दिसले आणि एकूण मृत्यू १२००० च्या आसपास ठरले. आपत्ती केव्हा ‘संपली’ हे कोण ठरवतो, यावर मृतांची संख्या तिपटीने बदलते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचार करावा.

सरकार कायद्यास उत्सुक नव्हते. आधीच्या कायद्यांचा रोख कारखान्यांच्या धुराड्यांवर असे. आपल्या मुंबईतला १९१२ चा धूर-उपद्रव कायदाही भट्ट्यांकडेच पाहत होता. घरातल्या शेकोटीला हात लावणे म्हणजे इंग्रज माणसाच्या घरपणालाच हात लावणे. जॉर्ज ऑर्वेलने १९४५ मध्ये उघड्या शेकोटीच्या बाजूने लेख लिहिला होता, यावरून ती भावना किती खोल होती ते कळते. बीव्हर समितीचा अहवाल आणि खासदार जेराल्ड नॅबारो यांचा रेटा यांनंतर १९५६ चा स्वच्छ हवा कायदा झाला. धूरबंदीचे विभाग आखले गेले आणि शेगड्या बदलण्यासाठी घरमालकांना अनुदान मिळाले. तरीही डिसेंबर १९६२ मध्ये असेच धुके पुन्हा आले आणि शेकडो माणसे गेली.

कायद्याने काळा धूर रोखला; न दिसणारा गंधकवायू मात्र बव्हंशी सुटला. विद्युतकेंद्रांची धुराडी उंच झाली आणि लंडनचा त्रास वाऱ्यावर स्वार होऊन निघून गेला. गेला कोठे? १९६७ च्या सुमारास स्वीडनचे मृदाशास्त्रज्ञ स्वांते ओडेन यांनी दाखवून दिले की स्कँडिनेव्हियातला पाऊस आम्लधर्मी होत आहे आणि त्यातले पुष्कळ गंधक ब्रिटन व मध्य युरोपातून येते. अशा पावसाने मातीतले अ‍ॅल्युमिनियम विरघळून तळ्यांत उतरते आणि माशांच्या कल्ल्यांवर बसते. नॉर्वे-स्वीडनमधली हजारो तळी निर्मत्स्य झाली. पाणी मात्र आरशासारखे नितळ दिसे. १९८५ मध्ये हेलसिंकी येथे गंधकाचे उत्सर्जन किमान ३० टक्क्यांनी घटवण्याचा करार झाला. ब्रिटनने त्यावर सही केली नाही.